हसण्यावारी

आमच्या घरी भांडणं फार कमी व्हायची. शेजारच्या बाया मायला म्हणायच्या, "तुमच्या घरातून कायम हासणंच ऐकू येते बाई," आणि मायला त्याचा अभिमान वाटे. मलाही वाटे. भांडणं का होत नाहीत, हे कळायला मला पुढे अर्धं आयुष्य लागलं. आमच्याकडे कोणी मनाविरुद्ध काही बोललं, की दुसरा कोणीतरी त्याची नक्कल करायचा, सगळे पोट धरून हसायचे आणि विषय तिथेच संपायचा. बोलणारा बरोबर होता की चूक, हे बघायची वेळच यायची नाही.

गोंदियाजवळच्या गोरेगावहून सायकलने पाऊण तासावर आमचं गाव. कवेलूचं कौलारू घर, पुढे ओसरी, मधे आंगण, मागे वाडी. वाडीत विहीर, तिच्या काठावर लिंबाचं झाड आणि सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा वाफा. पहाटे डोळे उघडायच्या आधी विहिरीच्या गडगडीचा आवाज कानावर पडायचा, मग बादली पाण्यावर आपटल्याचा, मग मायच्या बांगड्यांचा. दुपारी गावाच्या टोकाला असलेली धानाची गिरणी सुरू झाली की ओसरीची जमीन बारीक थरथरायची. दोन्ही वेळा भात. सोबत लाखोळीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी, आणि सणाला उडदाचे बडे. मायचे बडे बाहेरून कडक आणि आतून कापसासारखे असत. ते खाताना कोणी बोलत नसे, एरवी मात्र जेवताना आमच्या घरी सारखी गंमत चालायची.

नकला करण्यात मी सगळ्यांच्या पुढे. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडारीचं नाटक व्हायचं, तिथे सोंगाड्याचा एकेक हावभाव मी डोळ्यांनी पिऊन घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर तसाच्या तसा करून दाखवायची. मुलीच्या जातीला दंडारीत उभं राहायला कोण देणार? त्यामुळे आमची ओसरीच माझा मंच होती आणि माझे वडील, बाबूजी, पहिले प्रेक्षक. एकदा त्यांचे एक चुलतभाऊ मुद्दाम चालत आले आणि म्हणाले, "हे नवीन जातीचं बी खालच्या बांधीत नको टाकू, तिथं पाणी थांबते." काका बोलताना 'स'चा 'फ' करत. ते बोलत असतानाच मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून ओठ हलवले. बाबूजींना हसू आवरेना. काकांनी मागे वळून पाहिलं, चहा संपवला आणि निघून गेले. बी खालच्याच बांधीत, त्याच सखल शेतात पडलं. त्या वर्षी तिथला धान कसा झाला, काका खरं बोलत होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. कोणी पाहिलंच नाही.

पुढे मी गोंदियाला कॉलेजात जाऊ लागले. सकाळची एसटी, संध्याकाळी परत. विषय विज्ञान. आमच्या गावातून बी.एस्सी.ला गेलेली मी पहिली मुलगी, त्यामुळे घरात माझ्या शब्दाला वजन आलं होतं. आमचे एक सर प्रत्येक गोष्टीला "पुरावा काय?" असं विचारायचे. तो प्रश्न मी घरी आणला आणि दुसऱ्यांना गप्प करायला वापरू लागले. स्वतःला तो विचारायचा असतो, हे मी सोयीस्करपणे कॉलेजातच ठेवून यायची.

त्याच सुमारास दादाचं लग्न झालं. वहिनीचं नाव पारबता. सडक अर्जुनीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या गावातली. उंच, काळीसावळी, बोलायला अगदी कमी. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, पण मी नणंद, म्हणून ती मला 'निमाबाई, तुम्ही' म्हणायची आणि मी तिला 'वयनी, तू'. तिच्या माहेरी उन्हाळ्यात विहिरी आटायच्या, मग बाया नाल्याच्या रेतीत झिरा खोदून वाटी-वाटीने पाणी भरायच्या. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत ती फार चोखंदळ. आमच्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने लोटा तोंडाला लावून सांगितलं होतं, "तुमचं पाणी गोड हाय, पण लोटा चिंचेनं घासला." मायने खरंच घासला होता. तेव्हा आम्ही कौतुकाने हसलो होतो.

बाबूजींनी त्या उन्हाळ्यात घरी संडास बांधला. आमच्या मोहल्ल्यातला पहिला. भिंतीला निळा रंग, दाराला कडी, आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबूजी स्वतः ते दार उघडून दाखवायचे. खड्डा वाडीतच खोदला होता. विहिरीपासून तो किती पावलांवर आहे, हे कोणी मोजलं नव्हतं. पुढे मी मोजलं. मोठी पावलं टाकूनही अकराच भरली.

पावसाळा लागला, वाडीतली जमीन ओलीगच्च झाली, विहीर वरपर्यंत चढली. वहिनीला तेव्हा पाचवा महिना चालू होता. धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत माझ्या लक्षात आलं, की ती पितळेचा छोटा गुंड घेऊन सडकेवरच्या बोरिंगवर जाते आणि स्वतःपुरतं पाणी भरून आणते. चार-पाच दिवस कोणी काही बोललं नाही. मग एका रविवारी दुपारी आंगणात पंगत बसली होती. बाबूजी, दादा, मी, आणि रोवणीला आलेल्या सात-आठ बाया. माय वाढत होती. वहिनी गुंड घेऊन दारातून आत आली तशी बाबूजींनी विचारलं, "पारबता, घरी विहीर असून बोरिंगवर कायले जातेस? लोक का म्हणतील?"

वहिनीने गुंड खाली ठेवला. पदर सावरला. "बाबूजी, सांगू का जी? विहिरीच्या पाण्याले वास येऊन राहिला. पाणी वर चढलं तवापासून. संडासचा खड्डा जवळच हाय ना. मी म्हणते, काही दिवस साऱ्यांनीच बोरिंगचं पाणी पेलं तर..."

बाबूजींचा घास हातातच राहिला. संडासाबद्दल असं बोलणारी ती पहिलीच.

"मले तर नाही येत वास," माय म्हणाली.

"कायचा वास?" दादाने विचारलं.

"सडल्यासारका. बारीक येते. सकाळी जास्त येते."

इथे मला तिला चार साधे प्रश्न विचारता आले असते. किती दिवस झाले? पाऊस पडल्यावर वाढतो का? खड्डा कुठे, विहीर कुठे? शिवाय आदल्याच दिवशी सरांनी आम्हाला पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या दिल्या होत्या. आत औषध लावलेली कागदाची पट्टी. पाणी भरून ठेवायचं, घाण मिसळलेली असेल तर एक-दोन दिवसांत काळं पडतं. घरच्या विहिरीचंच पाणी भरून आणायला सांगितलं होतं. ती बाटली माझ्या पिशवीत, हाताच्या अंतरावर होती. आणि मी उठले, पिशवीतून ती काढलीही.

"थांबा, थांबा," मी म्हणाले. "आपल्या घरी डाक्टरीण आली हाय."

एक हात कमरेवर, पोट पुढे, मान वाकडी करून मी वहिनीसारखी चालू लागले. आधी लोटा हुंगला. मग मायच्या हातातली भाताची परात हुंगली. मग दादाचं डोकं हुंगून म्हणाले, "अगा बापा, इथं तर लई दिवसाचा वास हाय!" बाया हसू लागल्या. बाबूजींचा चेहरा सैल झाला. तो सैल झालेला पाहिला आणि मला जोर चढला. मी बाटली उंच धरली. "हे आमच्या सरांनी देल्ली. पाणी खराब असलं तर यात काळं पडते. पण आपल्याले बाटली कायले पायजे? वयनीचं नाकच बुडवून पाहू विहिरीत!" मग सोंगाड्यासारखी थांबले, कपाळावर हात मारला. "पण पाहू कसं? थे तर आधीच काळं हाय!"

हे वाक्य इतक्या वर्षांनी कागदावर उतरवताना मी दोनदा पेन खाली ठेवलं. पण लिहायचं तर तेच लिहायला हवं.

बाबूजींना हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. दादा हसला. रोवणीच्या बाया हसल्या. त्या आमच्या आंगणात जेवत होत्या, न हसून कुठे जातील? माय हसत म्हणाली, "जाऊ दे वो, डोहाळे हायेत पोरीले. पोटुशीले साऱ्याचाच वास येते." आणि वहिनीही हसली. तोंडावर पदर धरून, मान खाली घालून. नंतर कित्येक वर्षं मी तिच्या त्या हसण्याचा आधार घेतला. तिला राग आला असता तर ती हसली असती का, असं स्वतःला समजावत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ती बोरिंगवर गेली नाही. सरांना मी सांगितलं, बाटली फुटली. खरं म्हणजे ती ओसरीवरच्या कोनाड्यात, कंदिलाच्या मागे, जशी होती तशी पडून होती. विहीर माझ्यापासून वीस पावलांवर होती. भरायला आळस केला, एवढंही कारण मला देता येत नाही. माझ्या मते निकाल लागला होता. सगळे माझ्या बाजूने हसले होते, म्हणजे मी जिंकले होते.

पोळा झाला आणि दादाचे डोळे पिवळे दिसू लागले. मग मला अन्नाचा वास सहन होईना, फोडणी पडली की उलटी यायची. गावात आणखी कुणाला काही नव्हतं, फक्त आमच्या घरात. "पीलिया हाय," असं म्हणून माय आम्हाला शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्याकडे घेऊन गेली. त्याने दोरा बांधला, मुळी चघळायला दिली. दादा आणि मी आठ-दहा दिवसांत ताकभात खाऊ लागलो. वहिनीला मात्र उशिरा लागण झाली आणि सोसली नाही. ती दोन दिवस काही बोलली नाही, अंगावर काढत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीजवळ बसली ती उठेचना. तिला सातवा महिना होता.

गोरेगावच्या डॉक्टरांनी तिच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि बाबूजींना बाजूला घेतलं. "गरोदर बाईला कावीळ म्हणजे थांबायचं काम नाही. आत्ताच गोंदियाला न्या." मग कागदावर लिहिता लिहिता सहज विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"घरच्या विहिरीचं," दादा म्हणाला.

"जवळ संडास वगैरे?"

दादाने बाबूजींकडे पाहिलं. बाबूजींनी मान खाली घातली. मी दाराला टेकून उभी होते. वहिनी बाकावर आडवी होती, डोळे मिटलेले. त्या खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं आणि ज्या एकीने ते आधीच दिलं होतं, तिला आता बोलायची ताकद नव्हती.

गोंदियात ती बावीस दिवस होती. पाचव्या दिवशी तिला मुलगी झाली, मेलेलीच. दादाने तिला कुठे मातीत दिलं, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. माय दवाखान्यात, दादा दवाखान्यात, घरी बाबूजी आणि मी. अशक्तपणामुळे मला प्रवास करू देत नव्हते. घरात इतकी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती.

एका सकाळी मी कोनाड्यातली बाटली काढली. धूळ पुसली. गडगडी फिरवून पाणी काढलं आणि बाटली खुणेपर्यंत भरली. माझी एक वेडी आशा होती, की पाणी तसंच राहील. सांगायला लाज वाटते, पण दवाखान्यात वहिनी पडलेली असताना मी मनातून मागत होते, की ती चुकीची ठरू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर बाटलीतलं पाणी शाईसारखं काळं झालं होतं.

बाबूजी ओसरीवर बसले होते. मी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलून उजेडात धरली. बराच वेळ फिरवून पाहिली.

"विहिरीचं?"

"हो."

"कवा आणली होती हे बाटली?"

"रोवणीत. त्या दिवशी... जे दाखवली होती, तेच."

"म्हणजे घरातच होती," बाबूजी म्हणाले. मग अगदी हळू, "मंग तवाच काऊन नाही भरली, बेटा?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि वाडीत गेले. दुपारपर्यंत एकटेच तो खड्डा बुजवत होते. एका माणसाने मदतीला हात लावला तर त्याला परत पाठवलं. निळ्या भिंती पुढे कितीतरी वर्षं तशाच उभ्या होत्या, आत आम्ही गोवऱ्या ठेवायचो. सर्वांत जास्त ते हसले होते. पण त्याबद्दल वहिनीपाशी एक शब्दही त्यांनी कधी काढला नाही. सासऱ्याने सुनेची माफी मागावी, अशी आमच्याकडे रीत नव्हती.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. कावीळ त्याच पाण्याने झाली, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. बाटली घाण दाखवते, रोग दाखवत नाही. पण एका दिवसात कळण्याजोगी गोष्ट मी दोन महिने कुणाला कळू दिली नाही, हे मात्र शपथेवर सांगू शकते. वहिनीपाशी निदान तिचं नाक होतं. माझ्यापाशी तिच्या बोलण्याविरुद्ध काहीच नव्हतं. तिची चाल होती, तिचा रंग होता, तिचं पोट होतं. तेवढ्यावर मी तिला खोटं पाडलं.

यानंतर माझ्या नकला बंद झाल्या, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. सवय हाडात मुरलेली असते. नोकरी लागल्यावर एकदा वर्गात एका मुलीने फळ्यावरची माझी आकृती चुकली आहे असं सांगितलं, आणि तिच्या तोतरेपणाची नक्कल करून मी वर्ग हसवला. तास संपल्यावर पाहिलं, तर आकृती खरंच चुकली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तसं सांगितलं, पण ती मुलगी वर्षभर पुन्हा काही बोलली नाही. आता आमच्या कुटुंबाचा फोनवर एक गट आहे. कोणी काही काळजीचं लिहिलं, की खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. माझा अंगठाही त्या चेहऱ्यापर्यंत जातो. कधी थांबतो, कधी थांबत नाही.

वहिनी घरी परतली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. मी रोज बोरिंगवरून पाणी आणू लागले, तिचे केस विंचरू लागले, तिचे कपडे धुऊ लागले. ती करू द्यायची. माफी मागायला मला चार वर्षं लागली. तिच्या मोठ्या मुलाच्या बारशाला, बाया गाणी म्हणत असताना, मी तिच्या कानाशी जाऊन म्हणाले, "वयनी, त्या दिवशीचं मले माफ कर." तिने पाळण्याची दोरी सोडली नाही. "जाऊ द्या ना बाई. गंमत होती थे," एवढंच म्हणाली. मी मोकळी झाले असं मला वाटलं. खरं तर 'गंमत' हा माझाच शब्द तिने मला परत दिला होता.

यंदा उन्हाळ्यात मी गावी गेले होते. दादाला जाऊन काही वर्षं झाली. वहिनी मुलाकडे असते, पाठीत वाकली आहे, पण हात अजून स्वस्थ बसत नाहीत. ओसरीवर चिंचा फोडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं, "मी त्या दिवशीचं लिहून राहिली, वयनी. रोवणीतल्या पंगतीचं. तुले चालंल का?"

"लिवा ना," ती म्हणाली. चार-सहा चिंचा फोडून झाल्या. मग मान वर न करता म्हणाली, "पण तुम्हाले एक गोष्ट माहीत नाही. मी कोणालेच सांगितली नाही."

"कोणती?"

"त्या दिवशी साऱ्यांचे जेवणं झाल्यावर मी विहिरीवर गेली. बादलीभर पाणी काढलं अन् हुंगलं. वास नाही आला."

"नाही आला? मंग..."

"सकाळी येत होता. दुपारी नाही आला. दुसऱ्या दिवशी बी नाही आला. तुम्ही सारे हासले ना, मंग मलेच वाटलं, माहंच काही खोटं असंल." तिने चिंचोका नखाने उकरून बाजूला टाकला. "मंग मी लोटाभर पेली. चांगलं लागलं जी पाणी."

तिने पुढची चिंच उचलली. तिच्या ढिगातल्या अर्ध्या चिंचा मी माझ्याकडे ओढून घेतल्या आणि दोघी अंधार पडेपर्यंत फोडत बसलो.